आधी वायर बघा, मग मेगापिक्सेल

मेळघाटात वाघ मोजायला जो कॅमेरा लावतात, तो दुकानाच्या काचेत ठेवला तर कुणी हातात घेणार नाही. मातकट रंगाची प्लास्टिकची डबी, समोर छोटे भिंग, त्याखाली अंगाची ऊब टिपणारा इन्फ्रारेड संवेदक आणि झाडाला बांधायचा पट्टा. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे एका फोटोत डावी आणि दुसऱ्यात उजवी बाजू आली तर एकच वाघ दोन म्हणून मोजला जायचा. काही दिवसांनी वनकर्मचारी येतात, डबी उघडून एसडी कार्ड काढतात, कोरे घालतात आणि भरलेले कार्ड संगणकाकडे जाते. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले, त्यांतले वाघांचे ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंत जेमतेम दोन.

एवढा ढीग उपसता आला तो कॅमेरे भारी होते म्हणून नव्हे. प्रत्येक फोटो कुठल्याही संगणकावर उघडत होता आणि प्रत्येकावर तारीख-वेळ होती, म्हणून. स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. मग तो विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारा अचलपूरचा शिक्षक असो, कीडशास्त्राचा प्रकल्प करणारी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली विद्यार्थिनी असो, किंवा आजोबांची जुनी कागदपत्रे जपू पाहणारा अकोटचा कुणी असो. "काहो भाऊ, हा कम्प्युटरले लागते काय?" हा आपल्याकडचा प्रश्न अगदी बरोबर आहे. काउंटरवरून त्याचे उत्तर मात्र बहुधा "अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल आहे" असे येते.

तो संगणकाला लागतो म्हणजे नेमके काय होते? साध्या यूएसबी २.० च्या वायरीत आत चार तारा असतात. त्यांतल्या दोन विजेच्या, एकीत ५ व्होल्ट आणि दुसरी परतीची. उरलेल्या दोन माहितीच्या. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त चार्जिंग वायरींत या माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. कॅमेऱ्याचा दिवा लागतो, बॅटरी भरते, पण संगणक ढिम्म. मग कॅमेरा बिघडला, पोर्ट गेले, विंडोज पुन्हा टाका, अशी धावपळ सुरू होते. सगळ्यात आधी वायर बदलून पाहावी, तीही डेटा केबल म्हणून मागून घेतलेली.

माहितीच्या तारा असल्या की पुढचा प्रश्न भाषेचा. कॅमेरा संगणकाशी मुख्यतः तीन प्रकारे बोलतो. मास स्टोरेज पद्धतीत तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. फोल्डर उघडा, फोटो ओढून घ्या. पीटीपी पद्धतीत तो स्वतःला कॅमेरा म्हणून ओळख देतो आणि फोटो मागितल्यावर काढून देतो. कॅननच्या बहुतेक पॉवरशॉट कॅमेऱ्यांत हीच पद्धत आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींना ती कळते, फक्त ड्राइव्हचे अक्षर दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात. तिसरी यूव्हीसी, म्हणजे चालू चित्र थेट पडद्यावर दाखवणारी, वेबकॅमची भाषा. तिची पहिली आवृत्ती २००३ ची. डब्यावर यूव्हीसी लिहिलेले असेल तर वेगळी सीडी, वेगळा ड्रायव्हर काही लागत नाही. त्याउलट "आमचे अ‍ॅप उतरवून घ्या, मगच चालेल" असे सांगणारा कॅमेरा मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. कंपनीने अ‍ॅपकडे पाठ फिरवली की चांगला कॅमेरा हातात असून निरुपयोगी होतो.

जोडणीचा हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. तो होता ०.०१ मेगापिक्सेलचा. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि पाहायचा तर फीत वेगळ्या यंत्रात घालून टीव्हीवर पाहावा लागे. पुढे प्रत्येक कंपनीची वायर वेगळी, कार्ड वेगळे, फोल्डर वेगळे. १९९६ मध्ये यूएसबी आले. ते घडवणाऱ्या इंटेलच्या गटातले प्रमुख नाव अजय भट्ट, बडोद्याच्या विद्यापीठातून शिकून गेलेले. १९९८ मध्ये जपानी उद्योगाने कॅमेऱ्यातल्या फायलींची मांडणी ठरवून टाकली. त्यामुळे आज कुठल्याही कंपनीचे कार्ड उघडा, आत डीसीआयएम नावाचे फोल्डर, त्यात तीन आकड्यांनी सुरू होणारी उपफोल्डरे आणि त्यांत क्रमांक घातलेले फोटो. मेळघाटातल्या डबीतही तेच आणि लग्नाच्या फोटोग्राफरच्या महागड्या कॅमेऱ्यातही तेच.

आता मेगापिक्सेलकडे वळू. छोट्या कॅमेऱ्यातला संवेदक साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. त्यावर १२ मेगापिक्सेल, म्हणजे ४००० बाय ३००० चौकोन बसवले की एकेक चौकोन दीड मायक्रॉनचा होतो. आता भिंगाचे बघा. विवर्तनामुळे अगदी निर्दोष भिंगसुद्धा प्रकाशाचा बिंदू बिंदू म्हणून उमटवू शकत नाही, त्याचा ठिपका होतो. एफ ३.५ एवढ्या छिद्राला हा ठिपका जवळजवळ पाच मायक्रॉन व्यासाचा असतो. म्हणजे बारा मेगापिक्सेललाच एक ठिपका तीन चौकोनांवर पसरतो. त्याच जागेत अठ्ठेचाळीस कोंबून नवा तपशील कुठून येणार? शिवाय ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांत संवेदक असतो आठ-तेरा मेगापिक्सेलचा आणि उरलेले आकडे आतला प्रोग्रॅम शेजारच्या चौकोनांवरून अंदाजाने भरतो. दुधात पाणी घातले की लिटर वाढतात, तसा हा प्रकार. ओळखायचे कसे? वर्तमानपत्राचे अख्खे पान उजेडात धरून फोटो काढा, संगणकावर शंभर टक्के मोठा करा आणि सगळ्यात बारीक छपाईतल्या जाहिरातीची अक्षरे वाचून पाहा. अक्षरांच्या कडा मेणासारख्या वितळलेल्या दिसल्या तर डब्यावरचा आकडा विसरून जा.

शेतातल्या कामासाठी या सगळ्याचा अर्थ काय? कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली की फुलाच्या पाकळ्या ती तोंडातल्या रेशमी धाग्याने आतून बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखे राहते. शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात. २०१७ च्या खरिपात बीटी कपाशीवरही या अळीने विदर्भात हाहाकार केला, तेव्हापासून डोमकळी वेळेत ओळखणे हे हंगामातले पहिले काम झाले आहे. तिचा फोटो साध्या फोनवरही उत्तम येतो. पण पानामागचा तुडतुडा जेमतेम तीन मिलिमीटरचा. समजा छोट्या कॅमेऱ्याने अगदी जवळून, तीन सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत घेतला. चार हजार चौकोनांपैकी तुडतुड्याच्या वाट्याला चारशे येतात. पंख आणि रंग ओळखायला तेवढे पुष्कळ. आणि इथे छोटा संवेदक उलट फायद्याचा ठरतो, कारण भिंग जेवढे आखूड तेवढी पुढची-मागची जास्त खोली स्पष्ट येते. मोठ्या कॅमेऱ्यात तुडतुड्याचे डोके स्पष्ट आणि शेपूट धूसर, असे सहज होते.

फुलकिडे किंवा संत्र्यावरच्या काळ्या माशीची पिल्ले पाहायची तर यूएसबी सूक्ष्मदर्शक घ्यावा. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात ज्या कोळशीने पाने काळी पडतात, ती बुरशी या पिल्लांच्या चिकट स्रावावरच वाढते. हजार-दीड हजारात मिळणारे हे पेनाएवढे यंत्र म्हणजे खरे तर भिंग आणि दिवे लावलेला वेबकॅमच. शाळेसाठी मला यापेक्षा चांगली खरेदी माहीत नाही, कारण एका मुलाने पाहिलेले प्रोजेक्टरवर अख्ख्या वर्गाला दिसते. फक्त डब्यावरच्या "१००० एक्स"वर जाऊ नका. तो आकडा पडद्यावर चित्र किती मोठे दिसते यावर बेतलेला असतो, आणि पडदा मोठा घेतला की तोही वाढतो. त्याऐवजी खाली कंपासपेटीतली पट्टी ठेवा. चित्राच्या रुंदीत ५ मिलिमीटर मावले आणि चित्र ६४० चौकोन रुंदीचे असेल, तर एका चौकोनाला सुमारे ८ मायक्रॉन आले. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे त्याच्या जाडीत आठ-नऊ चौकोन. तुमच्या यंत्राची ही खरी ताकद, आणि हे गणित सातवीच्या मुलांकडूनच करून घ्यावे.

"फोन आहे ना, मग कॅमेरा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच कामांना फोन पुरतो आणि तिथे वेगळा कॅमेरा घेऊच नये. तोही डेटा केबलने संगणकाला लागतो. पडद्यावर वर येणाऱ्या सूचनेत "चार्जिंग"ऐवजी "फाइल ट्रान्सफर" निवडावे लागते, एवढेच. खरा घोटाळा होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. पानावरच्या किडीचा फोटो तज्ज्ञाला साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो, बारीक तपशील जातात आणि फोटोच्या पोटात नोंदलेली तारीख, वेळ, जागा हीसुद्धा पुसली जाते. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

ही तारीख-जागा किती मोलाची, हे मेळघाटातल्या एका छोट्या घुबडाने दाखवून दिले आहे. हा रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला मिळालाच नव्हता. १९१४ मध्ये गुजरातेत मारला म्हणून ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहागेनने दाखवलेला एक नमुना मात्र संग्रहालयात होता. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला, तेव्हा तो जुनाच नमुना चोरून, पुन्हा भरून, खोटी तारीख आणि खोटे ठिकाण लावल्याचे उघड झाले. पक्षी भलत्याच ठिकाणी शोधला जात होता. खऱ्या नमुन्यांची ठिकाणे धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा दिसला. त्याचे फोटो आणि व्हिडिओ तिथेच घेतले गेले. पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या असल्याचे कळले. तेव्हा वडाळीच्या तलावावर किंवा काटेपूर्णा अभयारण्यात पक्षी टिपायला निघताना कॅमेऱ्याचे घड्याळ आधी तपासा. जुन्या कॅमेऱ्यात बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की घड्याळ मागच्या कुठल्या तरी १ जानेवारीवर जाऊन बसते. पहिलाच फोटो चालू घड्याळाचा काढून ठेवला, तर चूक राहिली तरी नंतर दुरुस्त करता येते.

पक्ष्यांना झूम लागतो आणि तिथे फोन कमी पडतो. जुना, लांब झूमचा कॅमेरा हा मला सगळ्यात किफायतशीर मार्ग वाटतो. २०१० मध्ये जगात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले होते, २०२३ मध्ये ८० लाखांच्याही आत. मधल्या काळातले कितीतरी चालू कॅमेरे आपल्याच नातेवाइकांच्या कपाटात पडून आहेत. विकत घेण्याआधी घरोघर विचारावे. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. कार्ड एसडीच हवे. ऑलिम्पस आणि फुजीफिल्मची जुनी एक्सडी कार्डे किंवा सोनीची जुनी मेमरी स्टिक आता शोधत फिरावे लागते. आणि वायरीचे तोंड ओळखीचे हवे, कारण निकॉनच्या अनेक कूलपिक्समध्ये आठ पिनांचे वेगळेच तोंड असते. नवा घेत असाल तर यूएसबी-सी मागा; युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून डिजिटल कॅमेऱ्यांनाही ते सक्तीचे केल्यामुळे हे तोंड आता बराच काळ टिकेल.

वायर सापडलीच नाही तर शे-दोनशेचा कार्ड रीडर सगळे प्रश्न सोडवतो. फक्त जुना कॅमेरा आणि जुना रीडर ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे वाचतीलच असे नाही, म्हणून १६ किंवा ३२ जीबीचेच घ्या. जुन्या यूएसबी १.१ पोर्टवर एक जीबी फोटो उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, २.० वर मिनिटाच्या आसपास.

आपल्या भागापुरती एक काळजी आणखी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असे लिहिलेले असते आणि अकोल्याचा मे महिना ४५ च्या पुढे जातो. संवेदकात प्रकाश नसतानाही थोडे इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटतात, आणि तापमान सहा-आठ अंशांनी वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. म्हणून दुपारी गाडीच्या डिकीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत सावलीच्या भागांत रंगीत दाणे दिसतात. बॅटरीही अशा उष्णतेत लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यात कॅमेरा ओल्या नव्हे, कोरड्या सुती कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावा आणि महत्त्वाचे फोटो सकाळी दहाच्या आत उरकावेत.

खरेदीला जाताना आपला लॅपटॉप आणि आपली डेटा केबल सोबत न्या. दुकानातच एक फोटो काढा, वायर लावा, डीसीआयएम उघडा, फोटो स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि त्याची तारीख बरोबर आहे का ते बघा. पैसे त्यानंतर द्या.