हायस्कूलच्या आधीची चूल

सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. संस्थेचं पहिलं हायस्कूल निघालं १९४० साली. मध्ये एकवीस वर्षं गेली. एवढा काळ ही शिक्षण संस्था करत तरी काय होती? मुख्यतः, पोरांना जेवू घालत होती!

खेड्यातल्या माध्यमिक शाळेचा इतिहास असा चुलीपासून सुरू होतो, ही मला फार थोर गोष्ट वाटते. त्या काळी गावात शाळा असलीच तर मराठी चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. सातवीची व्हर्नॅक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर नाहीतर तलाठी व्हायचा, एवढी ती परीक्षा मोठी. पुढचं इंग्रजी शिक्षण हवं तर शहर गाठायचं. तिथे हायस्कूल होतं, पण शेतकऱ्याच्या पोराने राहायचं कुठे आणि खायचं काय? ब्राह्मणाच्या गरीब मुलाला निदान वार लावून जेवता येई. बहुजनांच्या मुलाला, त्यातही अस्पृश्य मानलेल्याला, कोण ओसरीवर घेणार? त्याचं शिक्षण अडलं होतं ते भाकरीपाशी.

संस्थेचे संस्थापक भाऊराव पाटील यांनी हे नेमकं ओळखलं. एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला हा माणूस. खेडं त्यांनी पायांनी पाहिलं होतं. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली, बोर्डिंग सुरू झालं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसू लागली. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. कोठी रिकामी पडली की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० साली त्या गेल्या. आपल्या शैक्षणिक इतिहासात त्यांचं नाव कुलगुरूंच्या बरोबरीने घेतलं पाहिजे.

भाकरीनंतरचा प्रश्न मास्तरांचा. खेड्यात राहायला तयार असलेला शिक्षक आणायचा कुठून? तो खेड्यातूनच घडवायचा. म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघालं, आणि पुढे गावोगाव शेकडो प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. चूल झाली, मास्तर झाले, चौथी-सातवी पास होणारी पोरं झाली, मगच हायस्कूल. १९४० च्या त्या हायस्कूलला महाराज सयाजीरावांचं नाव दिलं. फी नाही, राहण्याची सोय तिथेच, आणि त्याबदल्यात श्रम: शेतात खणायचं, दगड फोडायचे, इमारतीच्या कामाला हात लावायचा. 'कमवा आणि शिका' योजना ती हीच. आईबापांसमोर पैशासाठी हात पसरावा लागत नव्हता, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

मग १९४८ साल आलं. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कूलं काढण्याचा संकल्प सोडला. आजही कुठल्या गावात 'महात्मा गांधी विद्यालय' अशी पाटी दिसली की या संकल्पाची आठवण होते. या टप्प्यावर सगळं गणितच उलटलं. आधी पोराला शाळेजवळ आणून जेवू घालायचं होतं. आता शाळाच पोराजवळ निघाली. सकाळी घरची न्याहारी करून, दप्तर पाठीला लावून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हायस्कूल आलं. मुलींसाठी तर हे अंतर फारच निर्णायक होतं, कारण परगावी बोर्डिंगात मुलगी पाठवायला त्या काळी किती घरं धजावली असती?

भाऊराव ९ मे १९५९ ला गेले. आज संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या चारशेच्या पुढे आहे. त्या साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही.