मंडपांतील रंगभूमि : उजेड आणि आवाज

भाद्रपदांतील एखाद्या संध्याकाळीं पुण्याच्या मंडईंत पाऊल ठेवलें कीं डोळे आणि कान एकदमच भरून जातात. १८८६ मध्यें रे मार्केट या नांवानें उघडलेली आणि आज महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाणारी ती दगडी अष्टकोनी इमारत, लोकमान्य टिळकांचा पुतळा, अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन आणि या सर्वांभोंवती लोटलेली माणसांची गर्दी. गणेशोत्सवाच्या या दिवसांत भोंवतालच्या पेठांतील कितीएक मंडळें ‘जिवंत देखावे’ सादर करतात. जिवंत देखावा म्हणजे एक लहानसें नाटकच होय. नट आळींतलेच असतात. कोणी दुकानदार, कोणी विद्यार्थी, कोणी कचेरींतून नुकताच परतलेला कारकून. प्रेक्षक रस्त्यावर उभे राहतात. दहापंधरा मिनिटांत खेळ संपतो, गर्दी पुढें सरकते, आणि नव्या गर्दीसाठीं तोच खेळ पुन्हां सुरू होतो.

एवढ्याशा नाटकाचें यश दोन प्रश्नांवर ठरतें. मागच्या रांगेंतील माणसास नटाचा चेहरा दिसला काय, आणि त्याचें वाक्य समजलें काय? उजेड आणि आवाज यांवर मंडळें खर्च करीत नाहींत असें नाहीं. तरीहि अनेकदां रस्ता दिव्यांनीं झगमगत असतो, छातींत धडधड व्हावी एवढा आवाज येत असतो, आणि बापाच्या खांद्यावर बसलेली मुलगी विचारते, “बाबा, तो काय म्हणाला?” बाबांनाहि तें कळलेलें नसतें. येथें उणीव साधनांची नसते. त्यांच्या योजनेची असते.

मराठी नाटकानें आपलें वैभव विजेच्या आधाराशिवाय मिळविलें, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत झाले, तेव्हां रंगमंचावर ना माइक होता, ना विजेचा दिवा. शेवटच्या प्रेक्षकापर्यंत शब्द पोंचविण्याची विद्या नटाच्या गळ्यांत असे, आणि नाट्यगृहाच्या भिंती त्यास साह्य करीत. भिंतीवर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ कानीं आला म्हणजे शब्दास बळ येतें. मंडपांत हें साह्य मिळत नाहीं. तीन बाजूंस कापड असतें आणि तें आवाज शोषून घेतें. चौथी बाजू उघड्या रस्त्याची, आणि त्या रस्त्यावर गर्दीचा, ढोलांचा व वाहनांचा कल्लोळ असतो. म्हणून येथें यंत्राचें साह्य घ्यावेंच लागतें.

प्रथम उजेडाचा विचार करूं. जुन्या नाट्यगृहांत रंगमंचाच्या कडेला, नटाच्या पायांशीं, दिव्यांची ओळ असे. परंतु खालून आलेल्या उजेडानें नाकाची सांवली कपाळाकडे चढते, डोळ्यांच्या खोबणी विचित्र दिसूं लागतात, आणि सज्जन मनुष्यहि राक्षसासारखा भासतो. मनुष्याचा चेहरा ओळखण्याची संवय आपल्या डोळ्यांना सूर्यप्रकाशांत लागलेली असते, आणि सूर्य वरून प्रकाश देतो. म्हणून नटाच्या समोर, डावीकडे एक व उजवीकडे एक, असे दोन दिवे त्याच्या मस्तकाहून उंच, सुमारें ४५ अंशांच्या कोनांतून रोखावे. एका दिव्यानें पडलेली सांवली दुसरा दिवा सौम्य करतो, आणि डोळे व ओंठ स्पष्ट दिसूं लागतात. पाठीमागून एक दिवा खांद्यांवर सोडला म्हणजे नट मागच्या पडद्यापासून सुटा होतो. रंगमंच दहाबारा फूट रुंद असल्यास एवढी योजना बहुधा पुरेशी होते.

दिवा किती अंतरावर टांगावा, यालाहि नियम आहे. अंतर दुप्पट झालें कीं उजेड निम्मा होत नाहीं, तो एकचतुर्थांश होतो. दिवा नटापासून अवघ्या पांच फुटांवर असेल, तर नट पांच फूट मागें सरकतांच त्याच्यावरील उजेड चौपटीनें घटेल. तोच दिवा वीस फुटांवरील खांबावर चढविला, तर तेवढ्याच हालचालीनें सुमारें तिसराच हिस्सा घटेल. रस्त्याच्या कडेचा उंच खांब मंडपाच्या कमानीपेक्षां अधिक उपयोगी ठरतो, तो यामुळेंच.

आणखी एक शत्रु असतो, आणि तो मंडळानें स्वतःच उभा केलेला असतो. रोषणाईच्या माळा, कमानीवरील झगमगाट आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर रोखलेले फिरते दिवे यांमुळें डोळ्यांची बाहुली आकुंचन पावते, आणि रंगमंच आहे त्याहून काळोखा दिसूं लागतो. मग मंडळ रंगमंचावर आणखी दिवे चढवितें. वस्तुतः खेळ सुरू होण्यापूर्वीं समोरची रोषणाई मंद केली, तर एकहि नवा दिवा न आणतां नटाचा चेहरा उजळतो. अंधाराची किंमत कळणें हेंच प्रकाशयोजनेचें पहिलें शिक्षण होय. कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरांत १९५९ मध्यें उत्पल दत्त यांचें ‘अंगार’ रंगभूमीवर आलें. कोळशाच्या खाणींत अडकलेल्या कामगारांवर पाणी चढत येतें, असा त्याचा शेवट होता. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनीं पाण्यावांचून, केवळ उजेडाच्या हालचालीनें, तें चढतें पाणी प्रेक्षकांस दाखविलें. भोंवतीं काळोख होता, म्हणूनच तो उजेड पाणी होऊं शकला.

आतां आवाजाकडे वळावयाचें. जिवंत देखाव्यांत संवाद बहुधा आधीं ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि नट त्यांबरोबर अभिनय करतात. यांत सोय पुष्कळ आहे; परंतु मुद्रण करतांना संवादामागें संगीत चढें ठेवलें, तर रस्त्यावरील कोलाहलांत प्रथम बुडतात तीं व्यंजनें. क, त, स, प यांसारखीं व्यंजनें नाजूक असतात आणि शब्दाचा अर्थ बव्हंशीं त्यांच्यावरच टिकलेला असतो. स्वर ऐकूं येतात, व्यंजनें हरवतात. म्हणून ‘आवाज येतो पण कळत नाहीं’ ही तक्रार ऐकूं येते. अशा वेळीं आवाज वाढविण्यांत लाभ नसतो. संगीत उतरवावें, जाड गुरगुरणारा खर्ज कमी करावा, आणि नटानें वाक्य सावकाश म्हणावें.

आवाज वाढविणें हा महागडा उपायहि आहे. कानास आवाज दुप्पट भासावयाचा असेल, तर यंत्राची शक्ति सुमारें दसपट करावी लागते. शंभर वॅटच्या जागीं हजार वॅट खर्च केले, तरी ऐकणारास तो आवाज केवळ दुप्पट वाटतो. शिवाय स्पीकर जमिनीवर ठेवला असेल, तर पहिल्या रांगेंतील मुलाच्या कानठळ्या बसतात आणि मागच्या माणसास कांहींच कळत नाहीं. मधल्या लोकांचीं शरीरेंच आवाज अडवितात. उघड्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलनें उतरतो. स्पीकर बारा फूट उंचीवर बांधून त्याचें तोंड मागच्या रांगेकडे किंचित् खालीं वळविलें, म्हणजे पुढच्या व मागच्या श्रोत्यांच्या अंतरांतील तफावत कमी होते, आणि एकाच आवाजांत दोघांचेंहि काम भागतें.

एक प्रचंड स्पीकर लावण्यापेक्षां दोन लहान स्पीकर प्रेक्षकांजवळ लावणें केव्हांहि बरें. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. समोरची इमारत सतरा मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून परतलेला शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा येतो आणि पुढच्या अक्षरावर आदळतो. आवाज जितका मोठा, तितका हा प्रतिध्वनिहि मोठा. माइक प्रत्यक्ष वापरावयाचा असल्यास स्पीकर माइकच्या पुढें, प्रेक्षकांच्या बाजूस, असावा. स्पीकरचा आवाज माइकमध्यें शिरला कीं तोच पुनःपुन्हां वाढून कर्कश शिट्टी वाजूं लागते. माइक तोंडाजवळ धरणें, हा तिच्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

येथें शेजाऱ्यांचाहि विचार केला पाहिजे. मंडईच्या भोंवतालच्या वाड्यांतून व इमारतींतून आजारी माणसें, तान्हीं मुलें आणि अभ्यास करणारे विद्यार्थी राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे. वर्षांतील जास्तींत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. निवासी भागासाठीं दिवसा ५५ डेसिबल, तर व्यापारी भागासाठीं ६५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाउडस्पीकर वाजतो त्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज या मर्यादेहून दहा डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकीं जो आंकडा कमी असेल, त्याच्या वर जातां कामा नये. ज्या मंडळाचा शब्द मंद आवाजांतहि कळतो, त्यास हा नियम जाचक वाटत नाहीं.

सर्वांत शेवटीं, पण सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे वीज. हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर हजार वॅटचा एक हॅलोजन दिवा चार अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. असे दहा दिवे सुमारें ४३ अँपियर ओढतील. घरगुती वायरीवर हा भार टाकला तर ती तापते, तिचें वेष्टन वितळतें, आणि शेजारीं मंडपाचें कापड असतें. दीडशे वॅटचे दहा एलईडी दिवे मात्र साडेसहा अँपियरवर भागवितात, आणि तापतातहि कमी. भाद्रपद हा पावसाचा महिना आहे. म्हणून जोड जमिनीवर उघडे सोडूं नयेत, प्रत्येक लोखंडी खांबास अर्थिंग द्यावें, आणि ३० मिलिअँपियर गळती होतांच वीज तोडणारी कळ मुख्य फळ्यावर बसवावी. ओल्या खांबास टेकलेल्या मुलाचा जीव त्या कळीवर अवलंबून असतो.

ही भीति काल्पनिक नाहीं. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहांत रंगमंचावरील एका आर्क दिव्यामुळें पडद्यानें पेट घेतला, आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. अग्नीपासून पूर्ण सुरक्षित अशी त्या नव्या कोऱ्या नाट्यगृहाची जाहिरात होती. पण कित्येक दारें बंद होतीं. कोल्हापुरांत १९१५ मध्यें शाहू महाराजांनीं रसिकांसाठीं खुलें केलेलें आणि पुढें केशवराव भोसले यांचें नांव धारण केलेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत खाक झालें. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. शतकाहून अधिक काळ जपलेली वास्तु नष्ट होण्यास एक रात्र पुरते. कापडी मंडपास तर तेवढाहि वेळ लागत नाहीं. म्हणून दिवा व कापड यांत हातभर अंतर, विद्युत् आगीवर चालणारें अग्निशामक नळकांडें आणि दोन्ही बाजूंनीं मोकळी वाट, या तीन गोष्टींस खर्चाच्या यादींत पहिलें स्थान असावें.

त्यानंतर समोरचे दोन दिवे, मग उंचावरचे दोन लहान स्पीकर, आणि उरल्या वर्गणींतून रंगीत प्रकाश व शोभा, असा क्रम ठेवला तर लहान मंडळासहि आपलें नाटक नीट दाखवितां येईल. यंत्राहून अधिक मोल आहे तें तें चालविणाऱ्या माणसाचें. दिवे व आवाज सांभाळणारा मुलगा तालमींस पहिल्या दिवसापासून हजर असावा. त्यास नाटक पाठ असावें. आणि पहिल्या खेळाच्या आदल्या रात्रीं, ज्यानें संहिता वाचलेली नाहीं अशा एखाद्या आजीबाईंना रस्त्याच्या पलीकडच्या कडेला खुर्ची टाकून बसवावें. खेळ संपल्यावर त्यांनीं गोष्ट बरोबर सांगितली, तर दिवे आणि स्पीकर योग्य ठिकाणीं लागले आहेत असें खुशाल समजावें.