एकटीने घडायचं की सोबतीने? डॉमिनिकन सिस्टरांचं सामायिक नोव्हिशिएट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी ही आजच्या भागाची लिखित आवृत्ती. मी अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आपल्याकडे "कॉन्व्हेंट" म्हटलं की इंग्रजी मिडीयमची शाळा डोळ्यांसमोर येते. "पोरीला कॉन्व्हेंटला घातलंय" असं आपण सहज म्हणतो. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टर राहतात ते घर. शेजारी शाळा उभी राहिली आणि घराचं नाव शाळेला चिकटलं. आजचा विषय त्या घराचा आहे. त्या घरात नवी मुलगी येते, तेव्हा तिला कोण घडवतं? आणि ती एकटीच नवी असेल तर काय करायचं?

आधी प्रक्रिया समजून घेऊ. सिस्टर व्हायला फॉर्म भरला आणि झालं, असं नसतं. आधी काही काळ उमेदवारी. मग नोव्हिशिएट, म्हणजे खरं घडणीचं वर्ष. या काळात तिला नोव्हिस म्हणतात. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची तात्पुरती व्रतं, आणि शेवटी कायमची.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेत याचे आकडे ठरलेले आहेत. नोव्हिशिएटला प्रवेश घ्यायला १७ वर्षं पूर्ण हवीत. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं. तात्पुरती व्रतं साधारण ३ ते ६ वर्षांसाठी, गरज पडल्यास एकूण ९ वर्षांपर्यंत. कायमच्या व्रतांसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत. आपल्या कंपनीतला सहा महिन्यांचा प्रोबेशन आठवा आणि हे बघा. इथे प्रोबेशनच वर्षानुवर्षांचा आहे!

नोव्हिशिएटच्या वर्षाचे नियम तर फारच कडक. या काळात घडणीशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा काम द्यायचं नाही. म्हणजे सोबत डिग्री किंवा पूर्णवेळ नोकरी जमत नाही. नोव्हिशिएटच्या घरापासून सलग किंवा तुकड्यातुकड्यांनी तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं, तर ते नोव्हिशिएटच रद्द ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: नोव्हिस कधीही, मोकळेपणाने निघून जाऊ शकते. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डॉमिनिकन कोण? स्पेनमधल्या डॉमिनिक नावाच्या धर्मगुरूने स्थापलेला हा संघ. पोपने त्याला १२१६ मध्ये मान्यता दिली. गंमत म्हणजे पुरुषांच्या संघाच्या आधी, १२०६ च्या सुमारास, डॉमिनिकने दक्षिण फ्रान्समध्ये प्रुई इथे स्त्रियांचं घर सुरू केलं होतं. नागपूरकरांना हे नाव नवीन नसेल. सेमिनरी हिल्सवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीशी डॉमिनिकनांचा जुना संबंध आहे. प्रार्थना, अभ्यास, एकत्र राहणं आणि उपदेश या चार गोष्टींवर त्यांचं जगणं उभं आहे.

पुरुष डॉमिनिकन जगभर एकाच प्रमुखाच्या हाताखाली असतात, त्याला मास्टर म्हणतात. स्त्रियांचं तसं नाही. बंदिस्त मठात राहणाऱ्या नन वेगळ्या. शाळा, दवाखाने, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर वेगळ्या. आणि या काम करणाऱ्या सिस्टरांच्या अनेक स्वतंत्र संस्था आहेत, त्यांना काँग्रिगेशन म्हणतात. प्रत्येकीची प्रमुख वेगळी, नियमावली वेगळी, पैशांचा हिशोब वेगळा.

हे कसं झालं, ते अमेरिकेत छान दिसतं. तिथली पहिली डॉमिनिकन सिस्टरांची संस्था १८२२ मध्ये केंटकीत सुरू झाली. १८४७ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सिन्सिनावाची. १८५३ मध्ये जर्मनीच्या रेगेन्सबर्गच्या मठातून चार नन न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्यांच्या रोपातून पुढे अनेक शाखा फुटल्या. एखाद्या शाखेचा पसारा वाढला की ती स्वतंत्र व्हायची. मिशिगनमधली एड्रियनची संस्था अशीच १९२३ मध्ये स्वतंत्र झाली. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर एकाच मूळ कोडचे हे फोर्क. गाभा तोच, पण प्रत्येकीने आपापले बदल केले आणि आपापला कारभार थाटला.

मुली भरपूर येत होत्या तोवर हे मस्त चाललं. प्रत्येक संस्थेचं स्वतःचं नोव्हिशिएट, त्यात एकाच वेळी कितीतरी मुली. १९६५ मध्ये अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या मिळून जवळपास १,८०,००० सिस्टर होत्या. आज ४०,००० पण नाहीत. ज्या आहेत त्यातल्या बहुतेक सत्तरीच्या पुढे.

आता कल्पना करा. तुम्ही तिशीच्या आतबाहेर आहात, नोकरी सोडून आलात. घरात सगळ्या आजीच्या वयाच्या. प्रेमळ आहेत, हुशार आहेत, पण तुमच्यासारखी नवी कुणीच नाही. वर्गात तुम्ही एकट्या. शंका आली तर बोलायचं कुणाशी? आणि त्याहून अवघड म्हणजे, सगळं घर तुमच्याकडे आशेने बघतंय. कित्येक वर्षांनी आलेली ही पहिली मुलगी! अशा वेळी "मला हे जमणार नाही, मी जाते" हे वाक्य तोंडातून निघेल? कायद्याने दार उघडं आहे, पण मनाने ते बंद झालेलं असतं.

म्हणून अमेरिकेतल्या अनेक डॉमिनिकन संस्थांनी एकत्र येऊन सामायिक नोव्हिशिएट चालवलं. कोलॅबोरेटिव्ह डॉमिनिकन नोव्हिशिएट असं त्याचं नाव. आधी ते सेंट लुईसला होतं, नंतर शिकागोत. वेगवेगळ्या संस्थांच्या नोव्हिस ते वर्ष एका घरात राहतात. प्रार्थना एकत्र, स्वयंपाक एकत्र, अभ्यास एकत्र. शिकवायला आणि मार्गदर्शनाला सिस्टरही या संस्थांमधूनच येतात.

इथे एक प्रश्न पडतो: मग वेगळं काय उरतं? उत्तर सोपं आहे. डॉमिनिकन म्हणून जे समान आहे ते एकत्र शिकायचं: संघाचा इतिहास, बायबल, व्रतांचा अर्थ, चार माणसांत भांडण न वाढवता राहणं. पण व्रत घ्यायचं ते आपल्याच संस्थेत. तिची नियमावली, तिच्या कामाची पद्धत, तिच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या आठवणी हे बाहेर कुठे शिकता येत नाही. व्हॅटिकननेही १९९८ च्या एका दस्तऐवजात हेच सांगितलंय की संस्थांनी घडणीत सहकार्य जरूर करावं, पण आपल्या मुलीला घडवण्याची मूळ जबाबदारी त्या त्या संस्थेचीच. नोव्हिसला आत घ्यायचं का, व्रताला पुढे पाठवायचं का, हा निर्णय सामायिक घर घेत नाही.

याची किंमत आहेच. ज्या बायकांसोबत आयुष्य काढायचं, त्यांच्यापासूनच पहिलं महत्त्वाचं वर्ष दूर जातं. शिकागोत जीवाभावाच्या मैत्रिणी झाल्या, आणि वर्ष संपल्यावर प्रत्येकजण वेगळ्या राज्यात. परत आल्यावर घर थोडं परकं वाटू शकतं. तीन महिन्यांच्या नियमामुळे सारखं घरी येणंजाणंही जमत नाही. म्हणून आधीची उमेदवारी आणि नंतरची तात्पुरत्या व्रतांची वर्षं आपल्या माणसांत नीट जाणं गरजेचं ठरतं.

काही संस्थांनी याच्याही पुढचं पाऊल उचललं. २००९ मध्ये सात डॉमिनिकन संस्था विलीन होऊन डॉमिनिकन सिस्टर्स ऑफ पीस ही एकच संस्था झाली. म्हणजे फोर्क पुन्हा मर्ज! पण सगळ्यांना तेवढं नको असतं. सामायिक नोव्हिशिएट हा मधला रस्ता. घर आपलं, शाळा सगळ्यांची.

बरेच लोक याकडे काटकसर म्हणून बघतात. मुली कमी, शिक्षिका कमी, म्हणून वर्ग एकत्र केले. ते खोटं नाही. पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती मोकळेपणाची. शेजारच्या खोलीतली मुलगी त्याच शंकांशी झगडतेय हे दिसलं की आपल्या शंका गुन्हा वाटत नाहीत. एखादी मध्येच निघून गेली आणि तरी आभाळ कोसळलं नाही, हे पाहिलं की राहणाऱ्या मुलीचं राहणंही खरं तिचं होतं. आयुष्यभराचं व्रत दबावाखाली घेतलं तर ते टिकेल कदाचित, पण आतून पोखरतं. निघून जाता येत असतानाही जी राहिली, तिच्या "हो" ला वजन आहे.

हे फक्त सिस्टरांपुरतं नाही बरं का. लग्न असो, मोठं करिअर असो, घरच्यांनी आशेने सोपवलेली जबाबदारी असो, तुमच्या आसपास त्याच टप्प्यावर असलेलं कुणी आहे का, हे बघा. नसेल तर शोधा.

तुमच्या शाळेतल्या एखाद्या सिस्टरची आठवण असेल तर कमेंटमध्ये किंवा व्हॉइस नोटने नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!