मागितलं तेवढंच मिळालं

न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स’ मासिकात सप्टेंबर १९०२ मध्ये एक कथा छापून आली: ‘द मंकीज पॉ’, माकडाचा पंजा. लेखक डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज इंग्रज, आणि एरवी विनोदी कथांसाठी नावाजलेले. कथेतला तीन इच्छा पुरवणारा वाळलेला पंजा मात्र हिंदुस्थानातून आलेला. एका फकिराने तो मंतरलेला असतो. माणसाचं आयुष्य नशिबाच्या हाती आहे, त्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे त्या फकिराला दाखवून द्यायचं असतं.

व्हाइट नावाचा म्हातारा त्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला आहे, आणि कंपनी भरपाई देते आहे. रक्कम दोनशे पौंड!

पुढे आईच्या हट्टाखातर बाप दुसऱ्या इच्छेने पुरलेला मुलगा परत मागतो. रात्री दारावर थाप पडते. वरच्या कडीला हात पुरेना म्हणून आई खुर्ची ओढते, आणि त्याच वेळी अंधारात गुडघ्यांवर बसून बाप जमिनीवर पडलेला पंजा चाचपडत असतो. त्याला तिसरी इच्छा मागायची आहे. दार उघडतं तेव्हा बाहेर रस्ता रिकामा! भूत एकदाही दिसलेलं नाही, आणि ती तिसरी इच्छा कोणती, हेही जेकब्ज लिहीत नाहीत. इतक्या थोडक्यात एवढी भीती उभी करणं ही मला आजही किमया वाटते.

पंजाने फसवलं का? मुळीच नाही. तो शब्दाला जागला. ‘पण माझा मुलगा धडधाकट राहू दे’ हे कुणी बोललंच नव्हतं, आणि न बोललेलं त्याच्या हिशेबात नव्हतं. तिन्हीसांजेला वावगं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, अशी ताकीद आपल्या घरांत मिळते, तीही याच धाकापोटी. भस्मासुरालाही वर मिळाला होता तो अक्षरशः खराच होता.

या कथेने ज्याची झोप उडवली तो माणूस मात्र भुताखेतांशी संबंध नसलेला, एमआयटीतला गणितज्ञ होता. नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांसाठी गणित केलं: वळणं घेत जाणारं विमान पुढच्या क्षणी कुठे असेल? स्वतः शिकणारी, आपल्यापेक्षा वेगाने निर्णय घेणारी यंत्रं येणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. १९६४ सालच्या ‘गॉड अँड गोलेम, इन्कॉर्पोरेटेड’ या पुस्तकात त्यांनी माकडाच्या पंजाची आठवण काढली. यंत्राला नुसतं ‘युद्ध जिंक’ सांगितलं तर ते जिंकेल, पण त्यात आपलीच माणसं संपली तर? ‘आपण जगलं पाहिजे’ हे त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. अणुबाँबच्या त्या काळात ही कल्पना नुसती गोष्टीतली नव्हती. त्याच वर्षी वीनर गेले.

२०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ओपनएआयमध्ये एका संगणकाला बोटींच्या शर्यतीचा खेळ शिकवला जात होता. माणसाला न सांगता कळतं की शर्यत पूर्ण करायची असते. संगणकाला मात्र गुण वाढवायला सांगितलं होतं, आणि गुण मिळत वाटेतल्या खुणांवर आपटल्याने. त्याने एक आडबाजूचा डोह गाठला. तिथे तीन खुणा पुन्हा पुन्हा उगवत. बोट गोल गोल फिरत राहिली, दुसऱ्या बोटींवर आदळली, पेटली, पण शर्यत काही पूर्ण केली नाही. तरी गुण माणसांपेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी जास्त! ना मंत्र, ना फकीर, आणि तरी हुबेहूब तोच पंजा.

बर्कली विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल यावर सुचवतात तो उपाय मला फार सुंदर वाटतो. यंत्राला ठाम हेतू द्यायचाच नाही, उलट माणसाला नेमकं काय हवंय याबद्दल त्याच्या मनात शंका ठेवायची. अशी शंका असलेलं यंत्र आधी विचारतं, आणि माणूस ते बंद करायला आला तर अडवत नाही, कारण चूक आपलीच असू शकेल हे ते धरून चालतं. दोनशे पौंड देण्याआधी असं यंत्र म्हाताऱ्याला विचारेल, ‘कुठून आणू?’