बिल्ल्यावरून ट्रकचं कूळ ठरत नाही

सोलापुरात हैदराबाद रोडच्या गॅरेजांत किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या मागच्या आवारात एखादा जुना, जोडाजोड केलेला ट्रक निघाला की लगेच वाद सुरू होतो. बोनेट एका कंपनीचं, मागचे दोन ॲक्सल भलत्याच घराण्यातले, चॅसिसला आतून जाड पट्टी मारलेली. बॉयलर, मिल रोलर असला अवजड माल ओढायला कुणीतरी कधीकाळी तो जुळवून घेतलेला असतो. तो आला कुठून, याची उत्तरं मात्र सगळ्यांकडे तयार असतात.

त्यातलं लाडकं उत्तर म्हणजे ‘पुढं चांदणी आहे, जर्मनीचा असणार’. टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि त्यांचे ट्रक जमशेदपूरला बनू लागले. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत त्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी होती, पुढं तिथं टाटांचा ‘टी’ आला. तेव्हा आपल्याकडची चांदणी बहुधा जमशेदपूरची निघते. शिवाय बिल्ला काढायला आणि दुसऱ्या गाडीवर चढवायला असा कितीसा वेळ लागतो?

डॉज की फार्गो, हा दुसरा वाद. निदान सोलापूरकरांनी तरी तो घालू नये. या गाड्या कुर्ल्याला बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली ती वालचंद हिराचंदांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचाच. प्रीमियरची भागीदारी अमेरिकेच्या क्रायस्लरशी होती. क्रायस्लर जवळपास एकच ट्रक डॉज, फार्गो आणि डिसोटो अशा तीन नावांनी विकायची. नाव वेगळं, हाडं तीच.

‘मिलिटरीचा माल’ हे अगदीच खोटं नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जीएमसी, स्टुडबेकर, फोर्ड, शेवरोले हे ट्रक लिलावात निघाले आणि नागरी कामाला लागले. पुढं १९५९ पासून जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनू लागला, तोही वापरून झाल्यावर लिलावात यायचा. पण हिरवा रंग हा काही पुरावा नव्हे. पुढच्या ॲक्सललाही डिफरन्शियलचा गोळा आहे का, गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्स्फर केस आहे का, हे खाली वाकून पाहावं.

इंजिनावर तर मुळीच विसंबू नये. पेट्रोलवर चालणाऱ्या कितीतरी जुन्या ट्रकांत नंतर पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. इंजिनाचा आकडा सांगतो तो इंजिनाबद्दलच. टाटाच्या ‘६९७’चा अर्थ सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. तो साल नाही आणि हॉर्सपॉवरही नाही. उलट ‘१२१०’ हा गाडीचा आकडा आहे: मालासकट बारा टन, ताकद साधारण शंभर हॉर्सपॉवर.

खरी साक्ष देतो पाना. मर्सिडीज घराण्यातल्या टाटाला मिलिमीटरचा पाना लागतो. अमेरिकन गाडीला इंची लागतो. जुन्या ब्रिटिश गाडीचे व्हिटवर्थ नट-बोल्टही इंचीच, पण त्यांची तऱ्हा निराळी. त्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून अर्धा इंची व्हिटवर्थ पाना अमेरिकन अर्धा इंची नटावर नुसता फिरतो. आट्यांचा कोनही वेगळा: व्हिटवर्थचा ५५ अंश, बाकी दोघांचा ६०. सुटे बोल्ट बदललेले असू शकतात, म्हणून थेट ओतीव हौसिंगमध्ये पाडलेले आटे तपासावेत. चाकाच्या नटांकडेही बघावं. बऱ्याच जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत.

मग चॅसिस. कारखान्याचा जोड बहुधा रिव्हेटचा, गावातला जोड वेल्डिंगचा किंवा बोल्टचा. क्रॉसमेंबरजवळ रिकामी, कशाच्याच कामी न येणारी भोकं दिसली तर तिथं पूर्वी दुसराच गिअरबॉक्स टांगलेला असण्याची शक्यता मोठी. चॅसिस नंबर वायरब्रशनं साफ करून, वर कागद ठेवून पेन्सिल घासावी. आरटीओच्या कामासाठी एजंट नेहमी करतात तेच हे. नंबर उमटला की आरसी बुकाशी ताडून बघावा. नंबरप्लेटवरच्या एमएच-१३ वर मात्र भिस्त नको. ही पद्धत १९८९ ची आहे. ती नोंदणीचं गाव सांगते, जन्माचं नाही.

‘एवढं ओढायचा म्हणजे इंजिन राक्षसी असणार’ हाही भ्रमच. १९२९ साली इंग्लंडच्या स्कॅमेलनं शंभर टन ओढणारे दोन ट्रक बनवले, त्यांचं पेट्रोल इंजिन सुमारे ८० हॉर्सपॉवरचं होतं. आजच्या बऱ्याच मोटारींत याहून जास्त ताकद असते. अवजड माल हलतो तो खालच्या गिअरच्या जोरावर आणि मजबूत चॅसिसवर. वेग मात्र बैलगाडीचा.

राहिला हौशी मालकांचा भाबडा समज, की पन्नास वर्षं झाली म्हणजे व्हिंटेज नंबर मिळणारच. केंद्रानं २०२१ मध्ये आणलेला ‘व्हीए’ मालिकेचा नियम खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी मोटारींपुरता आहे. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे दहा चाकांचा, तीन कंपन्यांचे अवयव लावलेला ट्रक या नियमात कुठूनही बसत नाही, मग त्याचं वय काहीही असो.