व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला डायलिसिस झेपते का?

व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची मूत्रपिंडेही बंद पडली, की अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: डायलिसिस झेपेल का? या प्रश्नामागची भीती निराधार नाही. डायलिसिस चालू असताना रक्तदाब कोसळणे हा अशा रुग्णांमधला नेहमीचा अनुभव आहे. मात्र ‘डायलिसिस लावले म्हणून माणूस गेला’ हा घरोघरी ऐकू येणारा समज बरोबर नाही. श्वास आणि मूत्रपिंडे दोन्हींचे काम यंत्रावर सोपवावे लागते, तेव्हा आजार मुळातच जीवघेणा असतो. अमेरिकेतल्या एटीएन चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातल्या १,१२४ रुग्णांपैकी बहुसंख्य व्हेंटिलेटरवर होते आणि निम्म्याहून अधिक रुग्ण ६० दिवसांच्या आत दगावले. डायलिसिसची मात्रा वाढवल्यानेही त्यात फरक पडला नाही.

या रुग्णांचा रक्तदाब इतका नाजूक का असतो, याचे उत्तर छातीत आहे. आपण श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि शिरांमधले रक्त हृदयाकडे ओढले जाते. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, त्यामुळे तिथला दाब उलट वाढतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुसे मिटू नयेत म्हणून थोडा दाब कायम ठेवलेला असतो. परिणामी हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि मूत्रपिंडांच्या शिरांमध्ये ते तुंबते. जंतुसंसर्ग रक्तात भिनलेला असेल तर रक्तवाहिन्या सैलावलेल्या आणि केशवाहिन्या गळक्या झालेल्या असतात. रक्तदाब टिकतो तो पंपातून अखंड चाललेल्या नॉरॲड्रेनॅलिन या औषधावर. व्हेंटिलेटर कसा लावला आहे यावर मूत्रपिंडांचेही भवितव्य थोडेफार ठरते. २००० साली ८६१ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत प्रत्येक श्वासाची हवा किलोमागे १२ मिलिलिटरवरून ६ मिलिलिटरवर आणल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. त्या गटात मूत्रपिंडेही अधिक दिवस शाबूत राहिली.

अशा शरीरातून डायलिसिसचे यंत्र पाणी काढते, ते थेट रक्तातून. ६० किलो वजनाच्या माणसात रक्त साधारण चार लिटर असते आणि त्यातला द्रवभाग जेमतेम अडीच लिटर. रुग्ण सुजलेला असतो, अंगात कित्येक लिटर पाणी जादा असते, पण ते ऊतींमध्ये साठलेले असते. यंत्राने रक्तातले पाणी काढले की ऊतींमधले पाणी झिरपून रक्तात येते आणि भरपाई होते. या भरपाईला वेळ लागतो, आणि रक्तातली प्रथिने कमी असतील तर ती आणखी मंदावते. विहिरीतून पाणी किती उपसता येईल हे मोटारीच्या ताकदीवर नव्हे, झऱ्यांवर ठरते, तसेच हे आहे. तीन लिटर पाणी चार तासांत काढायचे तर ताशी ७५० मिलिलिटरचा उपसा होतो. दहा तासांत काढले तर ताशी ३०० आणि चोवीस तासांत काढले तर ताशी फक्त १२५. झेपणे किंवा न झेपणे बरेचसे या आकड्यांत दडलेले असते.

वेगाचा त्रास फक्त पाण्यापुरता नसतो. युरिया रक्तातून झपाट्याने उतरला की रक्त पातळ पडते आणि पाणी पेशींमध्ये शिरते. रक्तदाब घसरतो आणि मेंदूला आधीच सूज असेल तर ती वाढण्याचा धोका असतो. यंत्रातले द्रावण अंगाइतके गरम असेल तर शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही आणि रक्तवाहिन्या प्रसरण पावतात.

श्वासाच्या बाबतीत मात्र व्हेंटिलेटर रुग्णाच्या बाजूने उभा राहतो. पूर्वी डायलिसिसच्या द्रावणात ॲसिटेट वापरत. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जाई, मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालना मंदावे आणि ऑक्सिजन घटे. यंत्राने ठरवून दिलेला श्वास असा मंदावत नाही. आता बायकार्बोनेटचे द्रावण वापरतात. त्याचा आम्लाशी संयोग होऊन थोडा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शुद्धीवरचा माणूस तो जोरात श्वास घेऊन टाकून देतो. गुंगीत ठेवलेल्या रुग्णासाठी गरज पडल्यास व्हेंटिलेटरची गती वाढवावी लागते. फुप्फुसांत पाणी भरलेले असेल तर डायलिसिसनंतर ऑक्सिजनचे प्रमाण बऱ्याचदा कमी करता येते. तिथे डायलिसिस हे ओझे नसून आधार ठरते.

रक्तदाब सांभाळण्याचे उपाय साधे आहेत आणि जुनेही. फ्रान्समधल्या एका अतिदक्षता विभागाने २००० साली दाखवून दिले, की काही नियम पाळले तर नेहमीचे डायलिसिसही या रुग्णांना बरेच चांगले सोसते. द्रावणातले सोडियम लिटरमागे १४५ मिलिमोल किंवा त्याहून अधिक ठेवायचे, द्रावण ३५ अंशांच्या आसपास गार ठेवायचे, रुग्ण यंत्राला जोडताना दोन्ही नळ्या एकदम जोडायच्या म्हणजे नळ्या भरण्यात रक्त अचानक कमी होत नाही, आणि पाणी बेताने काढायचे. या नियमांना जादा पैसा लागत नाही. ते पाळले जात आहेत की नाहीत, हे यंत्राच्या किमतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

संथ डायलिसिसचा उगम एका चुकीत आहे, असे सांगतात. १९७७ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन इथे पेटर क्रामर या डॉक्टरांची सुई मांडीतल्या शिरेऐवजी धमनीत गेली. धमनीच्या दाबावरच रक्त गाळणीतून ढकलता येईल, पंपाची गरज नाही, हे त्यांनी ओळखले आणि रात्रंदिवस चालणारी गाळणी जन्माला आली. पुढे तिला पंप जोडले गेले. आजच्या सीआरआरटीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या याच पद्धतीत, किलोमागे ताशी २० ते २५ मिलिलिटर एवढा द्रव गाळून निघतो. नेहमीच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रावण वाहते. भारतात सीआरआरटीचे किट आणि द्रावण महाग पडते. त्यामुळे नेहमीच्याच यंत्रावर सहा ते बारा तास संथपणे केले जाणारे ‘स्लेड’ इथे रुजले. ही तडजोड कमअस्सल मानण्याचे कारण नाही. फ्रान्समध्येच २००६ साली ३६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत चोवीस तासांच्या पद्धतीने ६० दिवसांनी ३३ टक्के रुग्ण जगले, तर नियम पाळून केलेल्या नेहमीच्या, म्हणजे स्लेडहूनही वेगवान, डायलिसिसने ३२ टक्के. मेंदूला सूज असेल तर मात्र चोवीस तासांची पद्धतच पसंत केली जाते.

संथपणाचीही किंमत असते. तासन्‌तास नळ्यांतून फिरणारे रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा सायट्रेट द्यावे लागते. प्रतिजैविके गाळली जातात, म्हणून त्यांची मात्रा वाढवावी लागते. अंग गार पडते आणि ताप लपून राहतो. फॉस्फेटही वाहून जाते. ते खूप उतरले तर श्वासाचे स्नायू दुबळे होतात आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवरून उतरवणे लांबते. म्हणून फॉस्फेट रोज तपासणे गरजेचे आहे.

डायलिसिस कधी सुरू करायचे, याबद्दल अलीकडच्या वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेले, रक्तातले आम्ल आवरेनासे झाले किंवा फुप्फुसांत पाणी भरले तर थांबायचे नाही. यांपैकी काही नसेल तर थांबता येते. २०१६ च्या फ्रेंच चाचणीत ज्यांचे डायलिसिस लांबवले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना ते कधीच लागले नाही आणि मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे २,९०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही लवकर सुरुवात केल्याने मृत्यू घटले नाहीत. उलट वाचलेल्यांपैकी १०.४ टक्के रुग्ण ९० दिवसांनीही डायलिसिसवर होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते.

लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट मात्र वेगळी असावी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने आणि दर पावसाळ्यात कोकणाने पाहिलेला हा आजार मूत्रपिंडे आणि फुप्फुसे एकाच वेळी धरतो. फुप्फुसांत रक्तस्राव होऊन रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. ब्राझीलमध्ये अशा ३३ गंभीर रुग्णांच्या अनुभवात उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस झालेल्यांमध्ये ६७ टक्के मृत्यू झाले होते. तातडीने आणि रोज केलेल्यांमध्ये ते १७ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान आहे आणि तुलना आधीच्या रुग्णांशी केलेली आहे, तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

डायलिसिस थांबवण्याची खूण पलंगाला टांगलेल्या लघवीच्या पिशवीत दिसते. औषधाच्या मदतीशिवाय दिवसाला सुमारे अर्धा लिटर लघवी होऊ लागली आणि डायलिसिसविना क्रिएटिनिन उतरू लागले, की यंत्र बंद करून पाहतात. सावरू लागलेल्या मूत्रपिंडांना या टप्प्यावर रक्तदाबाची एखादी घसरणही पुन्हा इजा करू शकते, म्हणून शेवटच्या काही डायलिसिसमध्ये पाणी सर्वांत सावकाश काढले जाते.