सुटींतील परदेशसेवा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस असून कुटुंबासह बोईसर येथें राहतात. कन्या मुंबईस महाविद्यालयांत शिकते. तिनें सुटीचा एक बेत योजिला होता : तीन आठवडे कंबोडिया देशांत जावयाचें, सकाळच्या वेळीं तेथील एका अनाथालयांतील मुलांस इंग्रजी शिकवावयाचें, आणि उरल्या वेळांत देवळें व समुद्रकिनारा पाहावयाचा. प्रवासाचा खर्च निराळा. शिवाय ही सारी सोय लावून देणाऱ्या मंडळीस भरपूर फी द्यावयाची. "सर, पैसे आम्ही कसेही उभे करूं," ते म्हणाले, "पण हें काम चांगलें आहे ना, एवढें आपण सांगा."

त्या दिवशीं आमच्यानें नीट उत्तर देववलें नाहीं. पुढें आणखी दोघां पालकांनीं तीच चौकशी केली, तेव्हां आम्हांस जें कांहीं समजलें आहे तें या वार्षिकांतच लिहावें असें ठरविलें.

सहल आणि सेवा एकाच प्रवासांत साधण्याची ही रीत प्रथम युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतील सुखवस्तु घरांत रुजली. थंड देशांतील तरुणांनीं सुटींत उष्ण कटिबंधांतील एखाद्या गरीब देशीं जावें, थोडें काम करावें, थोडें हिंडावें, व परत यावें, असा तिचा क्रम. आतां आपल्याकडील मुलेंही त्या वाटेनें जाऊं पाहत आहेत. येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर नकाशा उघडून पाहावा. आपलें पालघर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ 4 अंशांवर आहे. म्हणजे ज्या उष्ण देशांत परके लोक सेवेस येतात, त्यांतलेच आपण. तेव्हां या प्रश्नाकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावें तसें, ज्याच्या दारीं पाहुणा येतो त्याच्याही डोळ्यांनीं पाहणें आपणांस सोपें जावें.

व्यवहार असा चालतो. जाणारा तरुण मध्यस्थ मंडळीस फी देतो. ती मंडळी आपला वांटा ठेवून उरलेली रक्कम तेथील शाळेस, आश्रमास किंवा यजमान कुटुंबास देते. काम काय द्यावयाचें हें पुष्कळदां गांवाच्या गरजेवरून ठरत नाहीं. पाहुण्यास काय करतां येईल व काय आवडेल यावरून ठरतें. पाहुण्यास तेथील भाषा येत नसते, हातीं कसब नसतें, आणि मुदत तीन आठवड्यांची. मग उरतें काय ? भिंत रंगविणें, विटा वाहणें, आणि मुलांशीं खेळणें.

विटा वाहण्यांत वरवर पाहतां कांहीं वाईट नाहीं. परंतु ज्या गांवांत रोजगारासाठीं माणसें नाक्यावर उभीं असतात, तेथें तेंच काम पाहुण्यानें पदरचे पैसे देऊन केलें, तर मजुराची मजुरी बुडते, आणि भिंतही बहुधा वांकडी होते. मुलांशीं खेळण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. कंबोडियांत 2005 ते 2010 या पांच वर्षांत अनाथालयांची संख्या सुमारें 75 टक्क्यांनीं वाढली. पोल पॉटची क्रूर राजवट तर 1979 सालींच संपली होती. मग इतकीं अनाथ मुलें आलीं कोठून? तेथील सरकारनें व युनिसेफनें पाहणी केली, तेव्हां अनाथालयांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा बाप, निदान एक जण, हयात असल्याचें दिसून आलें. गरीब आईबापांस शिक्षणाची व पोटभर अन्नाची आशा दाखवून मुलें आणावयाचीं, आणि पाहुण्यांच्या दयेवर संस्था चालवावयाची, असा कित्येक ठिकाणीं धंदाच झाला. ऑस्ट्रेलियानें 2018 सालीं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळीं मुलांस अशा रीतीनें अनाथालयांत भरती करणें हाही गुलामगिरीचाच प्रकार मानण्यांत आला. सगळींच अनाथालयें अशीं असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण दर तीन आठवड्यांनीं नवी ताई यावी, मुलानें तिच्या गळ्यांत हात टाकावे, आणि तिनें विमानतळाची वाट धरावी, हें चांगल्या संस्थेंतील मुलालाही सोसवणारें नव्हे. ज्याला एकदां सोडून दिलें आहे, त्याला पुन्हां पुन्हां सोडून जाण्याचा हा प्रकार आहे.

येथें आमची स्वतःचीही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, नाहीं तर हा लेख दुसऱ्यांचे दोष काढण्यासाठीं लिहिला असें होईल. आठदहा वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आम्ही वीसबावीस विद्यार्थी घेऊन पूर्वेकडील डोंगरांतील एका वारली पाड्यावर चार दिवसांच्या सेवाशिबिरास गेलों. बरोबर वह्या, गोळ्या व रंगाचे डबे नेले. तेथील शाळेची भिंत गेरूनें रंगवून तीवर पांढऱ्या रंगानें वारली पद्धतीचीं चित्रें काढावयाचीं, असा आमचा मोठा उत्साह. चित्र पुरें झालें तेव्हां एक म्हातारी काठी टेकीत आली, बराच वेळ पाहत राहिली, आणि हसून म्हणाली, "लगीन कोणाचा ?" त्या लोकांत भिंतीवर चौक लिहितात तो लग्नकार्यीं; सवाष्णी तांदुळाच्या पिठानें तो लिहितात, व पालघट देवीची त्यांत स्थापना असते. आम्ही ज्यांची कला त्यांच्याच भिंतीवर त्यांना शिकवीत होतों, आणि तीही अवेळीं. विद्यार्थी हसले, आम्हीही हसलों, पण मान खालीं घालून.

त्याहून वाईट पुढेंच आहे. ते दिवस भातकापणीचे होते. आमच्या वीसबावीस जणांच्या जेवणासाठीं पाड्यावरच्या चार बाया चारही दिवस शेतावर गेल्या नाहींत. हें आम्हांस निघतांना कळलें. आणि निघतांना मुलांनीं विचारलें, "परत कधीं येणार ?" तेव्हां आम्ही सहज बोलून गेलों, "मे महिन्यांत." मे महिन्यांत परीक्षांचे निकाल होते, मग घरचें लग्न होतें; आम्ही गेलों नाहीं. पुढें दोन वर्षांनीं तेथील गुरुजी पालघर स्टेशनावर अचानक भेटले. पाड्यावरची पुष्कळ माणसें दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पण जीं मुलें आजीआजोबांपाशीं मागें राहिलीं होतीं, तीं त्या मे महिन्यांत दोन दिवस फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत बसलीं होतीं, असें त्यांनीं सांगितलें. त्यांनीं तें तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. चहा घेतां घेतां सांगितलें.

आतां दुसरी बाजू. आपल्या स्टेशनावरून डहाणूची गाडी धरली कीं उमरोळी, बोईसर, वाणगांव व मग डहाणू रोड लागतें. त्याच्या पुढें घोलवड. घोलवडजवळ बोर्डी, आणि त्याच भागांत कोसबाडची टेकडी. या गांवांशीं आपल्यापैकीं पुष्कळांचा चिकूपुरताच संबंध असतो. पण बाहेरून येऊन सेवा कशी करावी याचा सर्वांत मोठा धडा तेथें गिरविला गेला आहे. ताराबाई मोडक यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचें कार्य केलें होतें, व 1926 सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. त्यांस मान होता, नांव होतें. 1945 सालीं त्या बोर्डीस आल्या. त्याच वर्षीं बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरांत त्यांची अनुताई वाघ यांच्याशीं गांठ पडली. अनुताई पुण्याच्या हुजूरपागेंत शिकविलेल्या, वयानें 35 वर्षांच्या, बालपणींच वैधव्य आलेल्या. त्या शिबिरास आल्या आणि बोर्डीस गेल्या, त्या पुण्यास नोकरीवर परतल्याच नाहींत.

बोर्डींत त्यांनीं प्रथम काय पाहिलें ? मुलें शाळेंत येत नाहींत. येथें सामान्य पाहुणा म्हणाला असता, हे लोक अडाणी आहेत. या दोघी म्हणाल्या, मुलें येत नाहींत तर शाळा मुलांकडे जाऊं द्या. तेव्हां वस्तीच्या अंगणांत बालवाडी भरूं लागली; तीच अंगणवाडी. मुलांस न्हाऊं घालणें हाही शिक्षणाचाच भाग ठरला. मॉण्टेसोरी पद्धतीचीं साधनें महाग; म्हणून शिंपले, बिया, दगड, पानें, मणी यांचीं साधनें केलीं, जीं आईसही घरीं करतां यावीं. 1957 सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारल्यांचीं मुलें दिवसभर गुरांमागें रानांत. तर शिक्षिकाच कुरणावर जाऊं लागली, व कुरणशाळा सुरू झाली. 1975 सालीं केंद्र सरकारनें बालकांच्या पोषणाची देशव्यापी योजना आंखली, तिच्या केंद्रांसही अंगणवाडी हेंच नांव मिळालें. आज बोईसरच्या चाळीपासून मोखाड्याच्या पाड्यापर्यंत तें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. ताराबाई 1973 सालीं वारल्या. अनुताईंनीं 1992 सालीं देह ठेवला. बोर्डीस आल्यापासून 47 वर्षें झालीं होतीं.

कोणी म्हणेल, प्रत्येकानें 47 वर्षें राहावें कीं काय ? तसें मुळींच नाहीं. थोड्या काळाची सेवाही खरी असूं शकते. 15 जानेवारी 1934 रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. त्याच वर्षीं पिएर सेरेसोल नांवाचे एक स्विस गृहस्थ मोजके सहकारी घेऊन तेथें आले. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 सालीं, फ्रान्समधील वर्दूंजवळच्या उद्ध्वस्त एन या गांवीं घरें उभारण्यासाठीं त्यांनीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वयंसेवकांचें पहिलें शिबिर भरविलें होतें. एके काळीं शत्रु असलेल्या देशांचे लोक त्यांत एकत्र खपत होते. सेरेसोल व्यवसायानें अभियंते, म्हणजे घर कसें बांधावें हें त्यांस ठाऊक होतें. बिहारांत येथील पुढाऱ्यांच्या विचारानें काम ठरलें. आणि एक उन्हाळा करून न थांबतां पुढील वर्षांत ते पुन्हां आले. अंगीं विद्या असावी, बोलावणें असावें, आणि परत येतों म्हटल्यास परत यावें. आमच्यापाशीं त्या पाड्यावर या तिहींपैकीं एकही नव्हतें.

कायद्याचेंही थोडें सांगतों, कारण त्यांत भाबडे लोक फसतात. पर्यटकाच्या व्हिसावर विनावेतन काम करण्यासही कित्येक देशांत बंदी आहे. पकडलें तर दंड किंवा पाठवणी होते, व मध्यस्थ मंडळी हात झटकते. आपल्या देशांत पर्यटकास फार तर एक महिना, कोणताही मोबदला न घेतां, सेवा करण्याची मुभा आहे. बालगृहांची नोंदणी 2015 च्या बाल न्याय कायद्यानें सक्तीची आहे. तेथील मुलांचीं नांवें व चेहरे छापून प्रसिद्ध करणें गुन्हा आहे. मुलांस मांडीवर घेऊन काढलेलीं छायाचित्रें मोबाईलवरून जगभर धाडणाऱ्या दयाळू लोकांस हें कोणी तरी सांगावयास हवें.

त्या पालकांस आम्ही पुढच्या रविवारीं बोलाविलें. मुलीलाही आणावें असें कळविलें. तिला "जाऊं नको" असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. ती सज्ञान आहे, आणि तिच्या मनांतील कळकळ खरी आहे. आम्ही तिला आमची पाड्यावरची हकीकत सांगितली, अनुताईंची सांगितली, आणि त्या मंडळीस पत्र लिहून पांच गोष्टी विचारावयास सुचविलें : माझ्या फीपैकीं अनाथालयास किती पोंचतात, माझ्या येण्यापूर्वीं तें काम कोण करीत होतें व मी गेल्यावर कोण करील, मुलांचे आईबाप कोठें आहेत, मुलांच्या सहवासांत येणाऱ्या पाहुण्यांची पारख कशी करतां, आणि मी मुलांमध्यें न जातां तेथील शिक्षकांसच तीन आठवडे मदत केली तर चालेल काय.

फीचा हिशेब दुसऱ्याच दिवशीं आला, थोडा गोलमाल. पाहुण्यांसाठीं एक नियमपत्रक आलें. शिक्षकांस मदत करण्याविषयीं "तशी सोय नाहीं" असें उत्तर आलें. मुलांच्या आईबापांविषयीं आणि आधीं व नंतर काम कोण करतो याविषयीं तिनें दोनदां लिहिलें. उत्तर आलें नाहीं. ती गेली नाहीं. वडिलांनीं फीसाठीं बाजूस ठेवलेले पैसे तसेच आहेत, आणि ती सध्यां आठवड्यांतून एकदां बोईसरच्या एका अंगणवाडींत बसून नुसतें पाहते. सेविकाबाईंनीं तिला अजून मुलांस शिकवूं दिलेलें नाहीं. आधीं नांवें पाठ कर, म्हणाल्या.